पाहुणतळीतला वाघमासा

एका गावात एक तळं होतं, असं म्हणायची रीत आहे. पण या गोष्टीत उलटं म्हटलेलं जास्त खरं: एका तळ्याला एक गाव होतं. तळं आधीचं, गाव मागून आलेलं. तळ्याच्या पाण्यावर पाळीखालचं, म्हणजे बांधाखालचं, धान पिकायचं आणि तळ्यातल्या बारीक मासळीवर घरोघरचं कालवण शिजायचं. मोठा मासा सणावारी, लग्नकार्याला. रोजच्या ताटात बोटाएवढी मासळी आणि झिंगे. पाहुणा आला की मूठभर जास्त टाकायचे, एवढाच काय तो फरक.

त्या तळ्याला एक राखणदार असे, आणि तो मान एकाच घरात सासूकडून सुनेकडे जात असे. या गोष्टीच्या वेळी तो भागरता नावाच्या बाईकडे होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक लांबच्या गावी दिलेली, घरात ती एकटी. पण एकटी म्हणून तिला बिचारी म्हणायची कोणाची टाप नव्हती. सकाळचं पहिलं जाळं वर आलं की त्यातली पहिली मूठ तिच्या उंबऱ्यावर पोहोचायची. पाटलाच्या बोलण्यावरही कोणी दुसरं बोलून जाई, पण तळ्याबद्दल भागरता बोलली की विषय संपला. हा मान तिला जिवापाड प्रिय होता. ती तो मिरवत नसे, पण सकाळी दार उघडताना नजर आधी उंबऱ्याकडे जायचीच.

आता गावाची एक जुनी रीत सांगायला हवी. तळ्यात बाहेरचा मासा थेट सोडायचा नाही. पाळीच्या पायथ्याशी दहा हात लांब-रुंद एक तळी खणलेली होती, तिला म्हणत पाहुणतळी. नव्या माशांची जोडी तिच्यात सोडायची, सोबत मोठ्या तळ्यातली शंभर बारीक मासळी मोजून सोडायची, आणि सबंध पावसाळा त्यांना त्यांच्या नशिबावर ठेवायचं. कोणी काही खाऊ घालायचं नाही. धान कापून झालं की गावासमोर जाळं ओढून मोजायचं. शंभरातली नव्वद उरली तर पाहुणा घरात. नाही उरली तर पाहुण्याचंच कालवण.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर सरदाराचा कारभारी गावात आला. सरदार राहायचा दूरच्या गढीत, आणि त्याला गळ टाकून मासे धरायचा भारी नाद. पोटासाठी नव्हे हं, झुंजीसाठी. तुम्हाआम्हाला मासा हाती लागला की बरं वाटतं. सरदाराला तो सुटायला धडपडला की बरं वाटे. गावातली बारीक मासळी कसली धडपडणार? म्हणून त्याने परमुलखातून झुंजार मासे मागवले होते आणि ते त्याला या तळ्यात सोडायचे होते.

कारभाऱ्याने नमुन्याला तांब्याच्या हंड्यातून दोन मासे आणले. हातभर लांब, अंगावर काळे पट्टे, जबड्यात आत वळलेले दात. गावाने पाहताक्षणी नाव ठेवून टाकलं, वाघमासा.

बोलणं असं होतं: सरदार मासे सोडणार आणि वर्षातून आठ दिवस आपल्या सोबत्यांना घेऊन गळ टाकायला येणार. गावाने वाघमाशाला जाळं लावायचं नाही, तो फक्त सरदाराच्या गळाचा. बदल्यात सरदार तळ्याची पाळ दगडात बांधून देणार. पाळ मातीची होती, दोन जागी झिरपत होती, आणि दर पावसाळ्यात गावचे पुरुष टोपल्या घेऊन तिच्यावर पहारा देत. मागच्याच वर्षी एक भगदाड पडून भागरताचा धाकटा दीर डोमाजी याच्या शेतात गुडघाभर वाळू साचली होती. दगडाची पाळ म्हटल्यावर डोमाजीचे डोळे भरून आले, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं.

चावडीवर दोन तट पडले. पाळीखाली ज्यांची शेतं होती ते म्हणाले, मासा येऊ द्या. ज्यांचं पोट जाळ्यावर होतं ते म्हणाले, दात पाहिलेत का त्याचे. भाऊ भावाशी बोलेनासा झाला. एका घरात तर नवरा पाळीकडून आणि बायको मासळीकडून, त्यामुळे चार दिवस चूल पेटली नाही. कारभारी हसून सगळ्यांची समजूत घालत होता. तुमच्या तळ्यात मरळ आहेच की, तो म्हणाला, तीही मासे खाते, म्हणून का तळं रिकामं झालं?

तेव्हा कौतिका म्हातारी उठली. गावात सगळ्यांत जुनी जाळं विणणारी ती. "मरळ मासे खाते, खरं आहे," ती म्हणाली. "पण मरळीची पिल्लं बगळा खातो, कासव खातं, आणि मोठी झालेली मरळ आम्ही खातो. तुमच्या या वाघाला खाणारं आमच्या तळ्यात कोण आहे, तेवढं सांगा."

"सरदार आहेत ना," कारभारी म्हणाला, आणि लोक हसले.

"सरदार आठ दिवस," म्हातारी म्हणाली. "बाकीच्या दिवसांचं काय?"

यावर मात्र कोणी हसलं नाही. शेवटी पाटलाने सांगितलं की भांडून काही व्हायचं नाही, रीत आहे ती करू. जोडी पाहुणतळीत राहील, आणि धान कापल्यावर भागरता जे सांगेल ते होईल. कारभाऱ्यालाही ते मान्य करावं लागलं.

इथपर्यंत सगळं बरोबर झालं. चूक झाली ती पुढे, आणि ती वाईट मनाने झाली नाही. या गावचे लोक असे की दारात आलेला उपाशी राहिला तर त्यांना स्वतःचा घास गोड लागत नसे. भागरता तर त्यात सगळ्यांच्या पुढे. रोज सकाळी ती पाहुणतळीवर पाहायला जायची. एके दिवशी वाघमासा काठाशी वर आला आणि तिच्याकडे बघत राहिला. निदान तिला तसं वाटलं. हातात मासळी साफ करून उरलेल्या डोक्यांचं टोपलं होतं. तिने एक डोकं टाकलं. त्याने ते गटकन गिळलं.

दुसऱ्या दिवशी तिने चार डोकी टाकली. शेतावर जाणाऱ्या बायकांनी ते पाहिलं आणि त्यांनाही राहवेना. कोणी माशाची आतडी टाकली, कोणी कोंबडीची. नियम मोडला असं एकीलाही वाटलं नाही, कारण प्रत्येकीने थोडंसंच टाकलं होतं. श्रावण येईतो वाघमासे भागरताची पावलं ओळखू लागले. ती पाण्यात बोटं धरून घास द्यायची आणि ते हळूच घ्यायचे. रिकाम्या घरातून निघून कोणीतरी आपली वाट पाहतंय अशा जागी जायचं, याचं तिला सुख होतं. त्यांच्या भोवताली बारीक मासळी बिनघोर फिरत होती.

पाटलाने विचारलं तेव्हा तिने छातीवर हात ठेवून सांगितलं, गरीब जात आहे, शंभरातली एक कमी झालेली नाही. ही बातमी गावभर झाली. डोमाजी तर आनंदाने मिठाई वाटायचा तेवढा बाकी राहिला.

धान कापायला आलं तेव्हा भागरताच्या लेकीकडून सांगावा आला, दिवस भरत आलेत, लवकर ये. ती बारा दिवस तिकडे राहिली. गावातली झाडून सगळी माणसं पहाटेच शेतावर जात होती, पाहुणतळीच्या वाटेला कोणीच फिरकलं नाही. बाराव्या दिवशी नातीचं तोंड पाहून भागरता परत आली. दुसऱ्या दिवशी मोजणी होती. ती घरी न जाता आधी पाहुणतळीवर गेली, येताना लेकीकडून दोन माशांची डोकी पदरात बांधून आणली होती.

पाणी नितळ होतं. त्यात दोन वाघमासे होते आणि दुसरं काहीही नव्हतं.

तिने काठीने गवत ढवळलं, दगडाखाली पाहिलं, काठाच्या मुळ्या हलवल्या. एक झिंगाही नाही. तळाला नुसते खवले चमकत होते. एका वाघमाशाची शेपटी अर्धी फाटलेली होती, म्हणजे मासळी संपल्यावर ते एकमेकांवर आले होते. तिने सवयीने पाण्यात हात घातला. फाटक्या शेपटीचा तिच्याकडे सुसाट आला आणि घास आहे की नाही हे न पाहता त्याने तिचं बोट धरलं. तिने हात ओढला तेव्हा रक्त पाण्यात पडत होतं.

भागरता तिथेच मटकन खाली बसली. इतके महिने तिने ज्याला गरीब म्हटलं तो गरीब नव्हताच, तो जेवलेला होता. आणि त्याला जेवू घालायची सुरुवात तिनेच केली होती.

डोमाजी पाळीवरून उतरताना तिला दिसला. लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने पाहुणतळी पाहिली, तिच्या बोटाला गुंडाळलेला पदर पाहिला, आणि तो तिच्याशेजारी काठावर बसला. डोमाजी वाईट माणूस नव्हता. भाऊ गेल्यापासून वहिनीचं छप्पर दरवर्षी तोच शाकारून द्यायचा.

"वहिनी," तो म्हणाला, "सरदाराच्या माशांचे रांजण घेऊन गाड्या नदी ओलांडून अलीकडे आल्यात. त्यांच्या मागे दगडाच्या गाड्या आहेत. उद्या ही तळी रिकामी दिसली तर गाव तुम्हाला पहिलं विचारेल की एक कमी नाही असं कशाच्या जोरावर सांगितलंत. मग खाऊ घातल्याचं निघेल. तुमचा मान जाईल, माझं शेत जाईल, आणि पाळ तर जाईलच. एका जाळ्याचं काम आहे. शंभर मासळी आणून सोडा, यांची पोटं भरा, कोणाला कळणार आहे?"

"तळ्याचं काय भावजी?"

"तळं एवढं मोठं आहे. ते काय दोन दिवसांत संपतंय?"

तिने त्याला नाही म्हणायला हवं होतं. तुम्ही, मी, हे वाचणारा प्रत्येक जण तिथे असता तर नाहीच म्हटलं असतं, बसल्या जागी आपण सगळेच मोठे खरे असतो. भागरताला मात्र उद्याचा उंबरा डोळ्यांपुढे दिसला, पहिली मूठ न आलेला. सासूने मरताना तिचा हात धरून सांगितलेलं आठवलं. तिने जाळं घेतलं, तळ्याच्या कडेला फेकलं, आणि शंभर मासळी मोजून पाहुणतळीत सोडली. मग घरी असलेलं नसलेलं सगळं आणून वाघमाशांना इतकं घातलं की शेवटी त्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाळीवर माणूस मावेना. पलीकडच्या गावचे लोकही बघायला आले होते, त्यांच्या तळ्याचा राखणदार पहिल्या रांगेत उभा होता. पाळीवर सहा गाड्या ओळीने लागल्या, प्रत्येक गाडीवर दोन रांजण. रांजणांची तोंडं ओल्या फडक्यांनी बांधलेली. आतून मधूनच धपकन आवाज यायचा आणि जवळची माणसं मागे सरायची.

पाटलाच्या हुकमाने पाहुणतळीत जाळं ओढलं. चार जण मोठ्याने मोजत होते. भागरता बोटाची चिंधी पदराआड धरून उभी होती. मोजणी अठ्ठ्याण्णववर थांबली. दोन्ही वाघमासे फुगल्या पोटाने तळाशी निपचित पडून होते, त्यांच्या नाकासमोरून मासळी जात होती.

पाळीखालचे लोक जल्लोष करू लागले. पाटलाने भागरताकडे पाहिलं. ती म्हणाली, "अठ्ठ्याण्णव आहेत." एवढंच म्हणाली, आणि तेवढं खरंच होतं.

कौतिका म्हातारी काठी टेकत टेकत तिच्याजवळ आली. सहा महिने ती या माशाच्या विरोधात गावभर बोलत फिरली होती, आणि आता सगळ्यांसमोर तिला माघार घ्यायची होती. ते सोपं नसतं. तिने भागरताच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला वाटलं तसं नव्हतं म्हणायचं," म्हातारी म्हणाली. "तू डोळ्यांनी पाहिलंस ना पोरी? मग झालं. आता माझी काही तक्रार नाही."

म्हातारी गर्दीत जाऊन बसली. चार गड्यांनी पहिला रांजण गाडीवरून उतरवला, पाळीच्या काठाशी आणला, फडकं सोडलं. कारभाऱ्याने हात जोडून तळ्याला नमस्कार केला आणि गड्यांना खूण केली. रांजण कलला. पहिलं पाणी काठाच्या चिखलावर सांडलं.

"थांबा," भागरता म्हणाली. "रांजण सरळ करा."

तिचा आवाज मोठा नव्हता, पण तळ्याच्या कामात तो आवाज ऐकायची गड्यांच्या हातांना सवय होती. रांजण सरळ झाला. आणि मग तिने सगळं सांगितलं. खाऊ घातलेलं, बारा दिवस, रिकामी तळी, कालचं जाळं. चिंधी सोडून बोट दाखवलं. डोमाजीचं नाव मात्र तिने घेतलं नाही. प्रत्येक वाक्यागणिक समोरचे चेहरे बदलताना तिला दिसत होते.

कोणीतरी खोटारडी म्हणालं. मग दुसरं कोणी म्हणालं, मग पुष्कळ जण म्हणाले. दगडाच्या गाड्या लांबून दिसू लागल्या होत्या आणि हातातोंडाशी आलेली पाळ ही बाई घालवत होती. पलीकडच्या गावाला तर फुकटचा तमाशा मिळाला.

कारभारी चिडला, पण तो हुशार होता. त्याने पाटलाला शांतपणे सांगितलं की ही बाई सकाळी एक सांगते आणि घटकेनंतर दुसरं, अशा जिभेवर गावाचा निकाल लावायचा का. पुन्हा पाहुणतळी करून बघायला वेळ नाही. रांजणातले मासे चार दिवस कोंडलेले आहेत, आता आजच्या दिवसाचेच सोबती. सोडायचे तर आत्ता, नाहीतर ते मरतील आणि सरदार त्याचा जाब गावाला विचारील.

पाटील भागरताकडे वळला. तिला एकेरी हाक मारताना त्याला कोणी ऐकलं नव्हतं, त्या दिवशी ऐकलं. "मी तुझ्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवू? सकाळच्या का आत्ताच्या?"

"कोणत्याच नका ठेवू," भागरता म्हणाली. "माझा शब्द आता तळ्याच्या कामाचा राहिला नाही. पण रांजणातले मासे चार दिवसांचे उपाशी आहेत, हे तर कारभारीच सांगतायत. एक रांजण पाहुणतळीत ओता. अठ्ठ्याण्णव मासळी तुम्हीच मोजलीय. डोळ्यांनी बघा, आणि मग उरलेले तळ्यात ओतायचे तर ओता. मी अडवणार नाही."

कारभारी नको म्हणत होता, पण त्याच्या नको म्हणण्याच्या घाईमुळेच पाटलाचं ठरलं. गड्यांनी रांजण उतारावरून खाली नेला आणि पाहुणतळीत रिकामा केला. आत बारा वाघमासे होते.

क्षणभर काही झालं नाही. माणसं काठावर वाकली होती. भागरताच्या मनात आलं, काहीच झालं नाही तर? तर ती मान घालवून बसली, गावाची पाळ घालवून बसली, आणि वर वेडीही ठरली. तिला असंही वाटलं की काही न होवो, मासे खरंच गरीब असोत.

मग पाणी उसळलं. काठावरच्यांच्या तोंडावर शिंतोडे उडाले. मासळी जीव घेऊन पाण्याबाहेर उड्या मारत होती, काही चिखलावर पडून तडफडत होती, आणि वाघमासे तिच्यामागे अर्धे अर्धे काठावर येत होते. मासळी विरळ झाली तसे ते आधीच्या दोघांवर आले. ते दोघे भरल्या पोटाने जड झालेले, त्यांना वळताही येईना. फाटक्या शेपटीचा तेवढ्यातही काठाशी आला, भागरताच्या पायांच्या बाजूला, जिथे रोज घास मिळायचा तिथे. तिने तोंड फिरवलं. ते बघणं तिच्याच्याने झालं नाही.

पाणी निवळल्यावर पुन्हा जाळं ओढलं. अठ्ठ्याण्णवपैकी सात उरली होती. मोजणाऱ्याने सात म्हटलं आणि पुढे मोजायला काही नाही म्हणून तो उगाच जाळं झटकत राहिला. डोमाजी डोकं धरून खाली बसला होता.

पाटलाने उरलेले अकरा रांजण घेऊन गाड्या परत न्यायला सांगितलं. कारभारी जाताना म्हणाला, दगड वाया जाणार नाहीत, शहाणी गावं अजून आहेत. आणि त्याच संध्याकाळी ते अकरा रांजण पलीकडच्या गावच्या तळ्यात रिकामे झाले.

इकडे एक काम बाकी होतं. पाटलाने भागरताला समोर बोलावलं. तिने तळं वाचवलं हे सगळ्यांना कळलं होतं, पण तिने रीत मोडली आणि मोजणीत खोटं घातलं हेही खरं होतं. राखणदारी तिच्याकडून काढून कौतिका म्हातारीच्या सुनेला दिली गेली. भागरताने मान खाली घालून ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दार उघडलं, सवयीने उंबऱ्याकडे पाहिलं, आणि दार लावून घेऊन ती पोटभर रडली. मग तोंड धुऊन टोपलं घेऊन पाळीवर गेली, कारण गावाने आपल्या हातांनी माती टाकून पाळ भरायला घेतली होती.

ती पाळ काही दगडाची झाली नाही. पुढच्या पावसात ती एका जागी पुन्हा झिरपली आणि डोमाजीच्या शेतात पुन्हा वाळू आली, यावेळी घोट्याइतकी. मोजणीच्या दिवसापासून डोमाजी सहा महिने वहिनीशी बोलला नव्हता. पण त्या पावसाआधीच्या उन्हाळ्यात एक दिवस तो न बोलता शिडी लावून तिच्या छपरावर चढला आणि शाकारायला लागला. तिने खालून गवताच्या पेंढ्या दिल्या.

पलीकडच्या गावची पाळ मात्र पाहण्यासारखी झाली. काळा घडीव दगड, वर बसायला ओटा. पहिल्या वर्षी सरदार आला, मोठी धमाल उडाली. दुसऱ्या वर्षी वाघमासे हातभराचे दोन हात झाले आणि बायकांच्या जाळ्यात झिंगा येईनासा झाला. तिसऱ्या वर्षी बारीक मासळी संपली, वाघमासे एकमेकांना खाऊ लागले, उरले ते खंगलेले, गळाला लागले तरी न झुंजणारे. सरदाराचा जीव रमेना. तो दुसऱ्या मुलखात शिकारीला गेला तो परत आलाच नाही.

त्याच वर्षी होळीच्या सुमारास पलीकडच्या गावचा राखणदार डोक्यावर रिकामी घागर घेऊन भागरताच्या दारात आला. राखणदारी दुसरीकडे गेल्याचं त्याला ठाऊक होतं, तरी तो तिच्याकडेच आला. वाघमासे जाळी लावून काढलेत, तो म्हणाला, तळं मोकळं केलंय. आता बियाण्यापुरती मासळी हवी होती. भागरताने त्याला बसवलं, पाणी दिलं. त्याने पेला खाली ठेवला.

"त्या दिवशी मी पहिल्या रांगेत होतो," तो म्हणाला. "सात उरली ती मी मोजली. संध्याकाळी रांजण आमच्याकडे आले तेव्हा गावानं मला विचारलं, तिकडे काय झालं? मी म्हणालो, काही नाही, त्यांची राखणदारीण खोटारडी निघाली. तेही खरंच होतं ना. म्हणून मला कोणी खोटा म्हणू शकलं नाही. मान अजून माझ्याकडेच आहे, बाई. पहिली मूठ माझ्याच उंबऱ्यावर येईल, तळ्यात काही असलं तर."

भागरताही त्याच वाटेने निम्म्यापर्यंत जाऊन आली होती. तिने जाळं खांद्यावर टाकलं, त्याची घागर काखेत घेतली, आणि नव्या राखणदारणीची परवानगी मागायला ती त्याच्या पुढे चालू लागली.

तात्पर्य: भरल्या पोटी जो शांत बसतो, तो उपाशी कसा वागेल हे पाहिल्याशिवाय त्याला घरात घेऊ नये. आणि आपली चूक सांगायचीच असेल तर रांजण रिकामा होण्याआधी सांगावी. मान गेला तर माणूस रडून पुन्हा कामाला लागतो, पण तळं गेलं तर मान ठेवायचा कुठे?